त्या डॉक्टर का झाल्या?

बारावीच्या शास्त्र शाखेत चांगले गुण मिळविणाऱ्या मुलीला आपल्याकडे घरोघर एक प्रश्न विचारला जातो. "डॉक्टर व्हायचे म्हणतेस, पण का गं?" मुलगी थोडी गोंधळते आणि ठरलेले उत्तर देते, "लोकांची सेवा करायची आहे." पाहुणे मान डोलावतात, आईला बरे वाटते आणि विषय तेथेच संपतो. हे उत्तर खोटे असते असे नाही; पण ते अपुरे असते, आणि बहुधा त्या मुलीलाही ते ठाऊक असते. कोणाच्या मनात आजीचे आजारपण घर करून बसलेले असते. कोणाला स्वतःच्या पायांवर भक्कम उभे राहायचे असते. कोणाला लवकर लग्न उरकण्याची घरातील घाई टाळायची असते, तर कोणाला मनुष्याच्या शरीराचे कोडे उलगडण्याची नुसती हौस असते. ही कारणे उघड सांगायला ती संकोचते. कारण 'सेवा' या मोठ्या शब्दापुढे ती लहान आणि स्वार्थी वाटतात.

ती खरोखरच लहान आहेत काय? आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने या प्रश्नाचा थोडा विचार करावा, आणि तो उपदेशाच्या वाटेने न करता इतिहासाच्या वाटेने करावा, असे मनात आले. महाराष्ट्रातील पहिल्या पिढीतील स्त्रियांनी ही विद्या का घेतली, त्यांना तिच्याकडे कोणी ढकलले, कोणी ओढले, आणि शेवटी त्यांच्या हातून काय घडले, हे पाहिले म्हणजे आपल्या मुलींच्या उत्तराकडे आपण अधिक समजुतीने पाहू शकू.

प्रथम त्या काळचे बाळंतपण डोळ्यांपुढे आणावे लागेल. बाळंतिणीची खोली म्हणजे बहुधा घरातील सर्वांत अंधारी आणि कोंदट खोली. दारे-खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, आणि जवळ अनुभवी सुईण. सुईणीच्या हाताला गुण नव्हता असे कोणी म्हणू नये. पिढ्यान् पिढ्या तिनेच मुले जन्माला घातली. पण मूल आडवे आले, रक्तस्राव थांबेना किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतज्वर भरला, की तिचे हात टेकत. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ सालीच सुरू झाले होते आणि तेथून शिकून बाहेर पडलेले आपल्या लोकांतले डॉक्टरही होते. परंतु ते सारे पुरुष. परपुरुषाने अंगाला हात लावावा यापेक्षा मरण बरे, असे मानणारी सून आणि तसेच मानणारी सासू घरात असताना डॉक्टर उंबऱ्याशी येऊनही उपयोग नसे. फार तर नाडी पाहायची, तीही कोणी मध्यस्थ होऊन लक्षणे सांगायची, अशी रीत. विद्या गावात आली होती, पण माजघरापर्यंत पोहोचत नव्हती.

या अंधारातच डॉ. आनंदीबाई जोशी यांची कथा सुरू होते. ३१ मार्च १८६५ हा त्यांचा जन्मदिवस. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी या बिजवराशी त्यांचे लग्न झाले. गोपाळराव पोस्टात नोकरीला, वयाने कितीतरी मोठे, स्वभावाने विक्षिप्त, आणि बायकोला शिकवायचेच या एका ध्यासाने झपाटलेले. वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि योग्य वैद्यकीय उपचाराअभावी तो दहा दिवसांतच गेला. अजून खेळण्या-बागडण्याच्या वयाची ती मुलगी. तिला मातृत्व कळेपर्यंत ते हातातून निसटलेही. या घटनेतून आपण डॉक्टर व्हावे हा विचार तिच्या मनात रुजला, असे तिच्या चरित्राचा परिचय असलेले सर्वच सांगतात, आणि ते बरोबरच आहे.

परंतु एवढेच कारण सांगून थांबलो तर आनंदीबाईंवर अन्याय होईल. दहा दिवसांचे मूल त्या काळी हजारो आयांनी गमावले. त्या सगळ्या काही डॉक्टर झाल्या नाहीत. दुःखाला वाट मिळावी लागते, आणि आनंदीबाईंना ती वाट गोपाळरावांच्या हट्टातून मिळाली. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा बदल्या घेत, लोकांची टवाळी सोसत गोपाळरावांनी बायकोचे शिक्षण चालू ठेवले. हा हट्ट प्रेमळ नव्हता. आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेहून पतीला लिहिलेल्या एका पत्रात लहानपणी खाल्लेल्या माराची, अंगावर फेकलेल्या वस्तूंची, सोडून देण्याच्या धमक्यांची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. त्या वागण्याचा शेवट चांगला झाला हे त्या नाकारत नाहीत, आणि एवढ्या लहान मुलीच्या मनावर त्याचे काय परिणाम झाले असते हेही विसरत नाहीत. वीस वर्षांच्या आतल्या स्त्रीने नवऱ्याला इतके समतोल आणि इतके निर्भीड पत्र लिहावे, यातच तिचे मन कोणत्या धातूचे होते ते कळते.

म्हणून डॉक्टर होण्याची इच्छा आनंदीबाईंची की गोपाळरावांची, हा वाद आजही अधूनमधून निघतो. मला वाटते, प्रारंभ कोणाचा यापेक्षा शेवट कोणी केला हे पाहावे. १८८० साली गोपाळरावांनी वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला, तो तेथील एका मिशनरी मासिकात छापला गेला, आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना त्यांनी तो वाचला असे सांगतात. कार्पेंटरबाईंनी पत्र पाठविले, आनंदीबाईंनी उत्तर दिले, आणि येथून पुढे कथेची सूत्रे त्या मुलीच्या हाती आली. समुद्रापलीकडच्या त्या बाईंना त्या मावशी म्हणू लागल्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे (बंगालमधील, आपल्या नगर जिल्ह्यातील नव्हे) आनंदीबाईंनी जाहीर सभेत भाषण केले. अमेरिकेला का जाता, येथेच का शिकत नाही, एकट्या का जाता, धर्म बुडणार नाही काय, जातीबाहेर टाकले तर काय कराल, अशा लोकांच्या आक्षेपांना त्यांनी एकामागून एक उत्तरे दिली. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची नितांत गरज आहे, आणि ती गरज भागविण्यास आपण पात्र होऊ इच्छितो, हा त्यांचा मुख्य मुद्दा. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे त्यांचे वचन. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचेही नव्हते.

या भाषणाकडे जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. आपले मूल गेले म्हणून मी जाते, असे आनंदीबाई सभेपुढे म्हणत बसल्या नाहीत. सभेपुढे त्यांनी देशाची गरज मांडली. मुंबईत किंवा कलकत्त्यात वैद्यकी शिकायला जाणाऱ्या तरुणाला "तू का जातोस?" असे कोणी सभा भरवून विचारले नव्हते. तो नोकरीसाठी जाई, प्रतिष्ठेसाठी जाई, आणि सर्वांना ते रास्त वाटे. स्त्रीला मात्र स्वतःसाठी काही मागण्याची सोय नव्हती. तिची मागणी लोककल्याणाच्या वस्त्रात गुंडाळूनच पुढे ठेवावी लागे. आपल्या मुली आजही "सेवा" हेच उत्तर प्रथम का देतात, याचे एक मूळ मला येथे दिसते.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या. आप्तांपैकी कोणीही बरोबर नव्हते. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागताना त्यांनी लिहिले की, माझ्या देशभगिनी पुरुष डॉक्टरचे उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना खरी वैद्यकीय मदत पोहोचविण्याच्या निश्चयाने मी येथवर आले आहे. थंडी, शाकाहाराची अडचण आणि खालावत जाणारी प्रकृती सोसत त्यांनी अभ्यास पुरा केला. पदवीसाठी निबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षीचे ते दुःख त्यांनी कोठे ठेवले होते, ते या विषयावरून समजते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्याच वर्षी बंगालमध्ये कादंबिनी गांगुली कलकत्त्यातच शिकून डॉक्टर झाल्या, हेही येथे नमूद केले पाहिजे.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्री-विभागावर आनंदीबाईंची नेमणूक झाली होती. पण नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस उतरल्या त्या क्षयाने पोखरूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिना बाकी होता. ज्या कामासाठी सारा खटाटोप केला त्या कामाचा एक दिवसही त्यांच्या वाट्याला आला नाही. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठविण्यात आली आणि अमेरिकेत त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती विसावली. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, आणि त्यामुळे घरोघरच्या बायकांना ही कथा कळली.

आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर आठवड्याच्या आतच, ४ मार्च १८८७ रोजी, मुंबईच्या उच्च न्यायालयात एका दुसऱ्या तरुणीच्या भवितव्याचा निकाल लागला. ही तरुणी म्हणजे रखमाबाई. डॉक्टर होण्यामागे तिचे कारण आनंदीबाईंहून अगदी निराळे होते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. लहानपणीच वडील गेले. आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार समाजात पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. सखाराम अर्जुन हे नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. घरात पुस्तके, औषधे, विद्वानांची ये-जा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी रखमाबाईंचे लग्न झाले. पण त्या माहेरीच राहिल्या, वाचू लागल्या, आणि या पतीबरोबर संसार करायचा नाही असे त्यांनी ठरविले. दादाजींनी १८८४ मध्ये पत्नीने नांदायला यावे म्हणून दावा लावला. पुढच्याच वर्षी सावत्र वडिलांचे निधन झाले. मोठा आधार गेला. पण रखमाबाई डगमगल्या नाहीत. त्याच वर्षी 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्ध आणि वैधव्याच्या जाचाविरुद्ध पत्रे लिहिली. सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. त्यावर अपील झाले, आणि १८८७ साली न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि त्या मोकळ्या झाल्या.

मोकळ्या झाल्या, पण पुढे काय? चोवीस वर्षांची स्त्री, साऱ्या देशात गाजलेले नाव, अर्धे वर्तमानपत्र विरुद्ध, आणि आयुष्य सबंध पडलेले. या वेळी कामा इस्पितळाच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीचा मार्ग दाखविला. पीचीबाई स्वतः एडिंबरो विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून झगडलेल्या. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या.

त्यांचे कारण काय म्हणावे? सावत्र वडिलांचा आदर्श होता, यात शंका नाही. पण त्याहून मोठे कारण म्हणजे स्वातंत्र्य. कोणाच्या दारी न नांदता, कोणाचे मिंधे न होता मानाने जगण्याचे साधन त्यांना हवे होते. याला कोणी स्वार्थ म्हणेल तर म्हणो. त्या स्वार्थातून काय पिकले ते पाहा. सुरत आणि पुढे राजकोट येथील स्त्रियांच्या इस्पितळांत त्यांनी सुमारे ३५ वर्षे काम केले. सुरतेस प्रथम बायका इस्पितळाची पायरी चढेनात. तेव्हा रखमाबाईंनी गाभण शेळी आणवून तिचेच बाळंतपण इस्पितळात केले आणि बायकांची भीती घालविली, अशी आठवण सांगतात. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी ओलांडून, त्यांनी मुंबईत देह ठेवला. आनंदीबाईंना एक दिवसही न मिळालेले काम रखमाबाईंना अर्धे आयुष्य मिळाले.

आता आपल्या परिसराकडे येऊ. १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले. त्याच्या बंदोबस्तासाठी रँडसाहेबांची नेमणूक झाली, आणि गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घराघरांत शिरून तपासण्या करू लागल्या. आपल्या चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली आणि पुढे तिघे भाऊ फासावर गेले, हे येथील शाळकरी पोरासही ठाऊक आहे. त्या वेळच्या लोकक्षोभाची कारणे अनेक होती. पण देवघरापर्यंत शिरणारे सोजीर आणि परक्या पुरुषांकडून होणारी स्त्रियांची तपासणी हे त्यांतील एक फार मोठे कारण होते. स्त्रियांवर उपचार करणाऱ्या स्त्रिया नसणे ही केवळ बाळंतिणीची अडचण नव्हती. साथ आली की ती सबंध शहराची अडचण होई, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले कोणाच्याही हुकुमाची वाट न पाहता रोग्यांमध्ये वावरत होत्या. त्यांचा दत्तक पुत्र डॉ. यशवंत याने पुण्याबाहेर माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. रोग्यांना तेथे पोहोचविता पोहोचविता सावित्रीबाईंनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हा यशवंत कोण? फसल्या गेलेल्या एका ब्राह्मण विधवेचे, फुले दांपत्याने आपले केलेले मूल. ज्या घराने आपल्याला जगविले त्या घराचे ऋण त्याने डॉक्टरकीतून फेडले, असेच म्हणावेसे वाटते. १९०५ साली तोही प्लेगच्याच रोग्यांची सेवा करताना मरण पावला. कृतज्ञता हेही डॉक्टर होण्याचे एक कारण असू शकते, आणि ते कारण किती पुढपर्यंत नेते, हे या मायलेकरांनी दाखविले.

विसाव्या शतकात या कारणांत आणखी एकाची भर पडली. ते म्हणजे पोट. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुणे सेवासदन सुरू झाले. तेथील स्त्रियांना ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण देण्याची सोय झाली तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. भल्या घरच्या बायकांनी परक्या रोग्यांचे मलमूत्र काढावे काय, असा सूर होता. पण ज्या तरुण विधवांना सासरी स्वयंपाकघरातला कोपरा आणि माहेरी भावजयीची बोलणी याखेरीज काही उरले नव्हते, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न सोपा होता. शिकावे, चार पैसे मिळवावेत, मान वर करून राहावे. त्यांतील काही पुढे वैद्यकीही शिकल्या. सेवा हे संस्थेचे नाव होते. येणारीचे पहिले कारण अनेकदा भाकरी होते. आणि दोघांचे छान जमले.

येथे मंडळाच्या काही भगिनी म्हणतील, नुसत्या मनाच्या ओढीने काय होते? खरे आहे. मनाला विद्येची जोड लागते, आणि विद्येला औषधाची. व्हिएन्नाच्या डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ सालीच दाखवून दिले होते की, डॉक्टरांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतले तर बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या झपाट्याने घटते. लोकांनी त्यांचे ऐकले नाही. पण ज्वर एकदा शरीरात भिनल्यावर त्याला उतार पाडणारे खात्रीचे औषध त्यानंतरही कित्येक वर्षे कोणाजवळ नव्हते. प्रथम १९३५ च्या सुमारास सल्फाची औषधे आली, आणि मग पेनिसिलीन. हे पेनिसिलीन भारतात बनू लागले ते आपल्या पिंपरीत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. साठीच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनही तेथे होऊ लागले. क्षयावर गुणकारी ठरलेले हे पहिले प्रतिजैविक १९४३ साली न्यू जर्सी राज्यात शोधले गेले. ज्या राज्यात कार्पेंटर मावशींनी आनंदीबाईंना आपल्या घरी उतरवून घेतले, तेच हे राज्य. साठ वर्षांनी तेथेच सापडलेले औषध आनंदीबाईंना मिळाले असते तर, हा विचार मनाला चटका लावून जातो. पिंपरीच्या वसाहतीत राहून या कारखान्यात राबलेल्या कितीतरी कुटुंबांनी, स्वतः डॉक्टर नसूनही, हजारो बाळंतिणींचे आणि क्षयरोग्यांचे प्राण वाचविण्यास हातभार लावला आहे.

शेवटी आपल्या शेजारचेच एक उदाहरण सांगते. डॉ. बानू कोयाजी यांचा जन्म १९१७ सालचा, मुंबईच्या पारशी घराण्यातला. स्त्रीरोगशास्त्राची पदवी घेऊन आणि लग्न होऊन त्या पुण्यास आल्या. त्यांचे दीर डॉ. एदलजी कोयाजी हे पुण्यातील प्रसिद्ध डॉक्टर. बानूबाई त्यांना फार मानीत. १९४४ साली केईएम इस्पितळाची जबाबदारी बानूबाईंवर आली. तेव्हा ते चाळीस खाटांचे प्रसूतिगृह होते. त्यांच्या कारकिर्दीत ते पाचशेहून अधिक खाटांचे इस्पितळ झाले. एवढ्यावर कोणीही समाधान मानले असते. पण इस्पितळात येणाऱ्या खेड्यांतील बायका फार उशिरा येतात, कित्येक तर येऊच शकत नाहीत, हे बानूबाईंना दिसत होते. म्हणून सत्तरच्या दशकात त्यांनी वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याला लागले की हे गाव फार लांब नाही. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे आपण सर्व ते जाणतो. आसपासच्या गावांतील साध्या स्त्री-पुरुषांना शिकवून त्यांनी आरोग्यसेवक बनविले. लसी, गरोदरपणाची काळजी, कुटुंबनियोजन ही कामे गावातलीच माणसे करू लागली. १९९३ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळाले. २००४ साली त्या निवर्तल्या.

बानूबाईंच्या वाट्याला आनंदीबाईंसारखे दुःख नव्हते, रखमाबाईंसारखा खटला नव्हता, सेवासदनातील विधवांसारखी उपासमारही नव्हती. आदरणीय दिरांचा आदर्श आणि अंगावर येऊन पडलेले काम, एवढेच. परंतु काम करता करताच त्यांना कामाचे कारण सापडत गेले. प्रथम प्रसूतिगृह, मग इस्पितळ, मग खेडे. आरंभी ज्याचे कारण नीट सांगता येत नाही असे कामही पुढे आयुष्याला पुरून उरते, याचे हे उदाहरण.

आता या सर्व जणींना एका ओळीत उभे करून पाहू. एकीला मुलाचे दुःख, एकीला स्वातंत्र्याची ओढ, कोणाला ऋण, कोणाला भाकरी, तर एकीला योगायोगाने हाती आलेली जबाबदारी. निव्वळ परोपकार म्हणून कोणी घराबाहेर पडली असे दिसत नाही. प्रत्येकीचे पहिले पाऊल स्वतःच्या आयुष्यातील कोठल्यातरी दुखऱ्या किंवा हव्याशा जागेवरून पडले. मात्र त्यांतील कोणीही त्या जागेवर थांबली नाही. आपल्याला जे सोसावे लागले ते दुसरीला सोसावे लागू नये, आपल्याला जे मिळाले ते दुसरीलाही मिळावे, असे वाटू लागले, आणि तेथून खरी डॉक्टर घडत गेली. सेवा ही त्यांच्या प्रवासाची पहिली पायरी नव्हती. चालता चालता त्या तेथे पोहोचल्या.

आज पिंपरी-चिंचवडमध्ये महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, गल्लोगल्ली दवाखाने आहेत, आणि त्यांत स्त्री-डॉक्टर दिसली म्हणून कोणी मान वळवून पाहत नाही. भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या बापाची मुलगीही आता प्रवेशपरीक्षेची तयारी करते, आणि घरचे तिच्यासाठी कर्ज काढायलाही तयार होतात. हे भाग्य लहान नाही. पण या मुलींवर एक नवे ओझे आपणच टाकीत आहोत. आपल्या मनातील खरे कारण लपवून मोठ्यांना आवडेल ते बोलण्याचे ओझे. कित्येकींना तर डॉक्टर व्हायचेच नसते. आईबापांची हौस त्या स्वतःच्या तोंडून वदत असतात. गोपाळरावांचा हट्ट आनंदीबाईंनी आपलासा केला म्हणून तो सफळ झाला. जेथे मुलगी तो आपलासा करीत नाही, तेथे त्याचा नुसता जाच होतो.

तेव्हा यापुढे शेजारची मुलगी म्हणाली की मला डॉक्टर व्हायचे आहे, तर "का?" हा प्रश्न आपण जरा सवडीने विचारू या. तिने पैशाचे नाव काढले तर नाक मुरडू नये. स्वातंत्र्याचे नाव काढले तर दचकू नये. घरातील एखाद्या मरणाची गोष्ट निघाली तर विषय बदलू नये. आणि "मला नाही व्हायचे" असे ती म्हणाली, तर तेही ऐकून घ्यावे. कारण कोणतेही असो, ते तिचे स्वतःचे असले म्हणजे पुरे. पुढची वाट आनंदीबाई आणि रखमाबाई यांनी तिच्यासाठी केव्हाच मळून ठेवली आहे.